वेम्बली २०२१: फायनल पेनल्टीवर हातातून गेली नाही, आणि राडा गेटवर सुरू झाला नाही

इंग्लंड-इटली युरो फायनल इंग्लंड पेनल्टीवर हरलं, आणि त्याच दिवशी बिनतिकीट लोक गेट तोडून स्टेडियममध्ये घुसले. तिचा विषय निघाला की फॅन्समध्ये दोन वाक्यं हमखास येतात. एक, "१९ वर्षाच्या साकाला पाचवी पेनल्टी कशाला दिली?" आणि दुसरं, "गेट तोडणारे ते खरे फॅन नव्हतेच." मला दोन्ही पटत नाहीत आणि कारण एकच आहे, दोन्हीत आपण शेवटचा क्षण पकडतो आणि त्याच्या आधीचा सगळा वेळ सोडून देतो. मॅच हातातून गेली ती मधल्या तासाभरात, आणि राडा झाला तो सकाळपासून साचत आलेला होता. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून क्रमाने मांडतोय, म्हणजे भांडायचंच असेल तर निदान एकाच मॅचबद्दल भांडू.

आधी थोडी पार्श्वभूमी. तारीख ११ जुलै २०२१, ठिकाण वेम्बली, लंडन. कोविडमुळे स्पर्धा एक वर्ष पुढे गेली पण नाव युरो २०२० हेच राहिलं. इंग्लंडच्या पुरुष संघाची १९६६ च्या वर्ल्ड कपनंतर ही पहिलीच मोठी फायनल, म्हणजे ५५ वर्षं. समोर मॅनेजर मॅन्चिनीची इटली, सलग ३३ मॅच न हरलेली. सेमीफायनलपर्यंत इंग्लंडने अख्ख्या स्पर्धेत एकच गोल खाल्ला होता, डेन्मार्कच्या डाम्सगार्डची फ्री किक, बस. तेव्हा इंग्लंडचा मॅनेजर "साउथगेटला काही कळतच नाही" असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे पण समोर ठेवावेत, टीम तिथपर्यंत आली ती डिफेन्सच्या जोरावर आली होती आणि ते काही फुकटात होत नाही.

फायनलला साउथगेटने साकाला बसवून ट्रिपियरला घेतलं आणि मागे तीन, दोन्ही बाजूंना विंगबॅक (कडेने डिफेन्स आणि आक्रमण दोन्ही करणारे) अशी टीम लावली. लाइनअप आली तेव्हाच बऱ्याच जणांनी कपाळाला हात लावला, आला परत घाबरट खेळ. पण हीच मांडणी त्याने जर्मनीविरुद्ध वापरली होती आणि २-० जिंकला होता, आणि फायनलमध्ये तर ती दोन मिनिटांच्या आत कामाला आली. तो गोल परत बघा. डावीकडे शॉ बॉल केनला देतो, केन स्ट्रायकर असून मध्यापर्यंत खाली आलेला, तो उजवीकडे मोकळ्या जागेत ट्रिपियरला लांब पास टाकतो. ट्रिपियर घाई करत नाही, एक क्षण थांबतो, मान वर करून बघतो आणि दूरच्या पोस्टकडे क्रॉस देतो. इटलीचा डिफेन्स आत ओढला गेलेला असतो आणि ज्याने मूव्ह सुरू केली तोच शॉ तिकडून धावत येऊन हाफ व्हॉलीवर पोस्टला घासून आत मारतो. एका विंगबॅकचा क्रॉस आणि दुसऱ्या विंगबॅकचा गोल. घड्याळात दोन मिनिटंही पूर्ण झाली नव्हती, युरो फायनलमधला आजवरचा सगळ्यात लवकर झालेला गोल. मांडणीच चुकली म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न, मग हा गोल कुठून आला?

मांडणी चुकली नव्हती. ती बदलायची वेळ आल्यावर बदलली नाही, ही चूक.

पहिला अर्धा तास इटली गोंधळलेली होती. त्यांचा लेफ्ट बॅक स्पिनाझोला, जो त्या स्पर्धेत त्यांचं अर्धं आक्रमण एकटा चालवत होता, तो बेल्जियमविरुद्धच दुखापतीने बाहेर गेलेला आणि त्याच्या जागी एमर्सन. पण हळूहळू जॉर्जिन्यो आणि वेराट्टी यांनी बॉल स्वतःकडे ठेवायला सुरुवात केली. मिडफिल्डमध्ये इंग्लंडचे दोन, राइस आणि फिलिप्स, आणि इटलीचे तीन, वर इन्सिन्ये मध्येच आत येऊन चौथा व्हायचा. दोघांनी चौघांच्या मागे किती पळायचं? राइस आणि फिलिप्सने खरंच जीव तोडून पळापळ केली पण बॉल मिळाला तरी पुढे द्यायला माणूसच नाही कारण सगळे आपल्याच गोलसमोरच्या पेटीच्या आसपास येऊन उभे, मग क्लिअर करा, बॉल परत इटलीकडे, परत तेच. केनला तर पुढे बॉलच मिळेना. मॅच संपली तेव्हा बॉल साधारण दोन तृतीयांश वेळ इटलीकडे होता.

फॅन्स ज्याला "बस पार्क केली" म्हणतात ते इथे तंतोतंत बरोबर नाही असं माझं मत आहे. बस पार्क करणं म्हणजे ठरवून मागे बसायचं आणि काउंटरसाठी, म्हणजे बॉल मिळताच झटपट उलट हल्ल्यासाठी, दोन वेगवान माणसं पुढे मोकळी ठेवायची. इथे ठरवून काही दिसलंच नाही, टीम पावलापावलाने मागे सरकत गेली आणि बाकावरून कुणी तिला थांबवलं नाही. सेमीफायनलमध्ये स्पेनने इटलीला ज्या प्रकारे हैराण केलं होतं ते बघा, बॉल आपल्याकडे ठेवून. स्पेन ती मॅच पेनल्टीवर हरलं पण इटलीच्या मिडफिल्डला बॉल मिळू द्यायचा नाही हे एवढं चांगलं औषध पाच दिवस आधी सगळ्यांनी बघितलेलं होतं. इंग्लंडने नेमकं उलटं केलं आणि जॉर्जिन्यो-वेराट्टीला हवा तेवढा वेळ दिला.

आता माझ्या मते या मॅचचा खरा निकाल इथे लागतो. ५४ व्या मिनिटाच्या सुमारास मॅन्चिनीने दोन बदल केले, इमोबिले आणि बारेला बाहेर, बेरार्दी आणि क्रिस्टांटे आत. म्हणजे नऊ नंबरचा स्ट्रायकरच काढून टाकला आणि इन्सिन्येला मध्ये खोटा स्ट्रायकर, म्हणजे पुढे न थांबता खाली येणारा, म्हणून ठेवलं. तीन सेंटर बॅक आता मार्क कुणाला करणार? समोर माणूसच नाही, तो खाली गेला की मागे जायचं की नाही या विचारातच सगळे. ६२ व्या मिनिटाला किएझाचा खालून मारलेला शॉट इंग्लंडचा गोलकीपर पिकफर्डने कसाबसा अडवला. धोका टीव्हीवर बघणाऱ्यालाही दिसत होता. ६७ व्या मिनिटाला कॉर्नर, वेराट्टीचं हेडर पिकफर्डने पोस्टवर ढकललं, आणि परत आलेला बॉल बोनुचीने आत सारला. १-१. आणि इंग्लंडचा पहिला बदल कधी? त्यानंतर, ७० व्या मिनिटाला साका आला. ग्रीलिश तर एक्स्ट्रा टाइममध्ये, ९९ व्या मिनिटाला. म्हणजे बाकावर साका, ग्रीलिश, रॅशफर्ड, सँचो, फोडन तर दुखापतीमुळे नव्हताच पण बाकीचे सगळे पळायला तयार, आणि तो पंधरा मिनिटांचा हल्ला टीमने तशाच दमलेल्या पायांनी सहन केला.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं, मला सगळ्यात जास्त हेच लागतं. २०१८ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलमध्ये क्रोएशियाविरुद्ध पाचव्या मिनिटाला ट्रिपियरची फ्री किक, १-०, मग टीम मागे, मॉड्रिचकडे बॉल, ६८ व्या मिनिटाला पेरिसिचचा गोल आणि एक्स्ट्रा टाइममध्ये मांजुकिचने संपवलं. तीन वर्षांनी ६७ वं मिनिट. एकच मॅनेजर, तीच आघाडी, तसंच मागे सरकणं. या मुद्द्यावर साउथगेटवर टीका करणारे फॅन्स शंभर टक्के बरोबर आहेत आणि त्यांना "तुम्हाला फुटबॉल कळत नाही" म्हणून गप्प करणाऱ्यांनी या दोन मॅच एका बसणीत बघाव्यात.

पेनल्टीवर मात्र मी साउथगेटच्या बाजूने बोलणार आहे. आक्षेप दोन आहेत. पहिला, रॅशफर्ड आणि सँचोला १२० व्या मिनिटाला फक्त पेनल्टीसाठी आणलं, अंग गरम नाही, बॉलला धड पाय लागलेला नाही, कसे मारणार? आक्षेप योग्य वाटतो, पण २०२४ च्या युरोमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध अलेक्झांडर-अर्नोल्ड ११५ व्या मिनिटाला आला आणि शेवटची, मॅच जिंकून देणारी पेनल्टी त्यानेच मारली. मग तो मास्टरस्ट्रोक आणि २०२१ चा मूर्खपणा? निर्णय जवळपास सारखाच आहे, बॉल कुठे गेला एवढाच फरक. पाच मिनिटं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं हे मान्य, त्यापलीकडे त्यात काही नाही.

दुसरा आक्षेप, पाचवी पेनल्टी अनुभवी माणसाला द्यायला हवी होती. ठीक आहे, मग इटलीची पाचवी कोणी मारली? जॉर्जिन्यो. पेनल्टीचा स्पेशालिस्ट, स्पेनविरुद्धची सेमीफायनल ज्याने शांतपणे उडी मारत संपवली तो. त्याने ही आत टाकली असती तर साकाला बॉलपर्यंत चालत जावंच लागलं नसतं, कप तिथेच इटलीचा होता. पिकफर्डने अडवली. अनुभवी माणूस चुकला आणि पोरगा पण चुकला, यातून अनुभवाबद्दल काय सिद्ध होतं? काहीच नाही. शूटआउटमध्ये इंग्लंड एका टप्प्यावर २-१ पुढे होतं, केन आणि मॅग्वायर दोघांनी मारली होती, पिकफर्डने बेलोट्टीची अडवली होती, मग रॅशफर्डची पोस्टला लागली, सँचो आणि साकाची इटलीचा गोलकीपर डोनारुम्माने अडवली, ३-२. साउथगेटने त्याच रात्री सांगितलं की मारणारे मी ठरवले आणि जबाबदारी माझी. १९९६ च्या युरो सेमीफायनलला याच वेम्बलीच्या जुन्या मैदानावर स्वतः पेनल्टी चुकलेला माणूस आहे तो, त्याला हे बोलायला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता मैदानाबाहेर. इथे पण लोकांना रात्रीचे व्हिडिओ आठवतात, बॅरिकेडवरून उड्या मारणारी पोरं, गेटवरची चेंगराचेंगरी. पण मॅच रात्री आठला होती आणि स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोक सकाळपासून जमत होते, दिवसभर पिणं चालू, फटाके, बाटल्या, आणि त्यातल्या हजारो लोकांकडे तिकीटच नाही. का आले मग? कारण सगळ्यांना माहीत होतं की कोविडच्या नियमांमुळे ९० हजारांचं स्टेडियम पूर्ण भरणार नाही, साधारण ६७ हजारच लोक आत असणार, म्हणजे आत जागा रिकामी आहे. घुसलो तर बसायला मिळेल. हे समोर दिसत असताना बिनतिकीट लोकांना लांबच अडवायची काही धड योजना नव्हती, पोलिसांची मोठी कुमक उशिरा पोचली, कोविडच्या काळात बरेच अनुभवी स्टुअर्ड (स्टेडियमवर गर्दी सांभाळणारे कर्मचारी) हे काम सोडून गेलेले, आणि रस्त्यावरच्या पिण्याला आवर घालणं कुणाच्याच गळ्यात नव्हतं.

यावर फुटबॉल असोसिएशनने लुईस केसी यांच्याकडून स्वतंत्र चौकशी करून घेतली, अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये आला. त्यात १७ वेळा मोठ्या संख्येने दारं फोडून लोक घुसल्याची नोंद आहे, आणि साधारण २ हजार लोक बिनतिकीट आत गेल्याचा अंदाज. कुठली दारं? आपत्कालीन दरवाजे, आणि दिव्यांग प्रेक्षकांसाठीचे गेट. हे वाचून मला खरंच संताप येतो. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी गेट उघडलं की मागून झुंड आत. कुणी तिकीटवाल्याच्या पाठीला चिकटून एकाच फेरीत दोघं घुसतंय, कुणी स्टुअर्डना मारतंय, कृष्णवर्णीय स्टुअर्डना तर शिव्या वेगळ्याच. आत तिकीट काढून आलेल्या कुटुंबांना आपल्या जागेवर दुसरेच उभे दिसले, जिने भरलेले. हॅरी मॅग्वायरने स्वतः नंतर सांगितलं की त्याचे वडील त्या चेंगराचेंगरीत सापडले आणि बरगड्यांना मार बसला. ज्याचा मुलगा मैदानात देशासाठी खेळतोय त्या बापाची ही अवस्था.

अहवालातला एक मुद्दा फॅन्सच्या चर्चेत फारसा येत नाही आणि तो सगळ्यात भयंकर आहे. बाहेर अजून साधारण ६ हजार लोक थांबले होते, इंग्लंड जिंकलं आणि लोक बाहेर सोडायला दारं उघडली की आत घुसायचं म्हणून. आतून हजारो लोक बाहेर येतायत आणि समोरून हजारो आत, जिन्यांवर आणि बोळांमध्ये. केसी यांनी स्पष्ट लिहिलंय की त्या दिवशी माणसं मेली असती इतकं ते जवळ आलं होतं. म्हणजे ज्या पेनल्टीसाठी पोराला रात्रभर शिव्या घातल्या, ती आत गेली असती आणि पुढे इंग्लंड जिंकलं असतं तर त्या जिन्यांवर काय झालं असतं याचा विचार करा. हिल्सबरो स्टेडियमच्या चेंगराचेंगरीत १९८९ मध्ये ज्या देशाने ९७ माणसं गमावली त्या देशात हे बोलावं लागतंय.

आणि ते खरे फॅन नव्हते म्हणे. मग कोण होते? तेच शर्ट, तीच गाणी, महिनाभर तीच टीम बघत होते. इटलीचं राष्ट्रगीत चालू असताना हुर्यो झाली ती तर तिकीट काढून आत बसलेल्यांनी केली, घुसखोरांच्या नावावर ती कशी टाकणार? त्याही आधी जूनच्या सुरुवातीला मिडल्सबरोला सरावाच्या मॅच होत्या, ऑस्ट्रिया आणि रोमानियाविरुद्ध, तिथे वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघा टेकणाऱ्या आपल्याच खेळाडूंची काही इंग्लिश प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. महिन्याभराने त्याच टीममधल्या पेनल्टी चुकलेल्या तीन कृष्णवर्णीय पोरांना इन्स्टाग्राम आणि ट्विटरवर माकडाच्या इमोजी पाठवल्या गेल्या तेव्हा अनेकांना धक्का बसला. मला तो धक्काच कळला नाही, जूनमध्ये कान बंद होते का सगळ्यांचे? हुर्यो उडवणारा प्रत्येक जण इमोजी पाठवणारा होता असं मी म्हणत नाही, पण हे चालून जाईल असं वातावरण तेव्हाच तयार झालं होतं.

ऑनलाइन शिवीगाळीवर दोन गट आपापला आकडा घेऊन भांडतात. एक गट म्हणतो, हे सगळे परदेशी अकाउंट, ब्रिटिश फॅन्स बदनाम. आधार म्हणून पोलिसांचा आकडा: ऑगस्ट २०२१ मध्ये ब्रिटनच्या फुटबॉल पोलिसिंग युनिटने सांगितलं की गुन्हा ठरतील अशा २०७ पोस्ट सापडल्या, त्यातली ३४ अकाउंट ब्रिटनमधली आणि १२३ बाहेरची. दुसरा गट ट्विटरचा अहवाल दाखवतो, त्याच महिन्यातला, की काढलेल्या ट्विट्समध्ये सगळ्यात मोठा वाटा ब्रिटनचाच. दोन्ही खरे आहेत कारण दोघे वेगवेगळी गोष्ट मोजतायत, पोलिसांनी कायद्याने गुन्हा ठरेल तेवढंच धरलं आणि ट्विटरने आपल्या नियमात न बसणारं सगळं. पण ट्विटरच्याच अहवालात अजून एक गोष्ट आहे, बंद केलेल्या अकाउंटपैकी ९९ टक्के ओळख पटण्यासारखी होती. नाव लपवून लिहिणारे भेकड, ही कल्पना तिथेच गळून पडते, बहुतेकांना लपायची गरजच वाटली नव्हती.

आणि उलट बाजूनेही घाई झाली. मँचेस्टरच्या विदिंग्टनमध्ये रॅशफर्डचं भिंतीवरचं मोठं चित्र काही तासांत विद्रूप केलं गेलं, सगळ्यांनी ते वर्णद्वेषी म्हणूनच धरलं, नंतर पोलिसांनी सांगितलं की लिहिलेला मजकूर वर्णद्वेषी वाटत नाही. त्याने ते कृत्य चांगलं होत नाही, पण आपल्या रागाला सोयीचं ते लगेच खरं मानायचं ही सवय दोन्हीकडे आहे. त्या भिंतीवर नंतर लोकांनी चिठ्ठ्या, हृदयं, पोरांनी लिहिलेली पत्रं लावली, इतकी की भिंत दिसेना. आणि ८ ऑगस्टला आर्सेनल टॉटनहॅमच्या मैदानावर सरावाची मॅच खेळायला गेली तेव्हा साका मैदानात येताना टॉटनहॅमच्या फॅन्सनी टाळ्या वाजवल्या. उत्तर लंडनची दुश्मनी ज्याला माहीत आहे त्याला याची किंमत कळेल.

शिक्षा काय झाली तर युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, इंग्लंडच्या असोसिएशनला १ लाख युरो दंड आणि प्रेक्षकांविना एक मॅच, दुसरी तशीच मॅच दोन वर्षांसाठी टांगती. ती मॅच जून २०२२ मध्ये वुल्व्हरहॅम्पटनच्या मोलिन्यूवर झाली, समोर परत इटली, ०-०. माझ्या मते ही शिक्षा हलकी होती आणि चुकीच्या माणसांना झाली, घुसलेल्यांचं त्यात काहीच गेलं नाही, इमानदारीत तिकीट काढणाऱ्यांचीच एक मॅच गेली. त्यापेक्षा कामाची गोष्ट म्हणजे २०२२ च्या कायद्याने खेळाडूंना ऑनलाइन वर्णद्वेषी छळणाऱ्यालाही स्टेडियमबंदी लावता येऊ लागली, तिथे निदान करणाऱ्यालाच भोगावं लागतं.

टॅक्टिक्सचा राग आणि फॅन्सचं वागणं परत एकत्र आले २०२४ च्या युरोला, कोलोनमध्ये. स्लोव्हेनियाशी ०-० असा रटाळ ड्रॉ झाल्यावर साउथगेट प्रेक्षकांना धन्यवाद द्यायला गेला आणि त्याच्या दिशेने प्लास्टिकचे कप आले. त्या ड्रॉवरची तक्रार रास्त होती, टीम खरंच आडवे पास देत बसली होती. कप फेकल्याने ती तक्रार कुणी ऐकली नाही, पुढचे दोन दिवस सगळे कपावरच बोलले. त्याच स्पर्धेत ड्युसेलडॉर्फला स्वित्झर्लंडविरुद्ध साकाने ८० व्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला आणि मग शूटआउटमध्ये स्वतःची पेनल्टी पण आत टाकली, पाचही जणांनी टाकली. बर्लिनच्या फायनलमध्ये पामर ७० व्या मिनिटाला आला आणि ७३ व्याला बरोबरी, पण ८६ व्याला ओयारझाबाल, स्पेन २-१, आणि दोन दिवसांनी साउथगेटने राजीनामा दिला. त्या पामरच्या गोलवरून काही जण म्हणतात की साउथगेट बदल करायला शिकला होता. शिकला असेल, पण बर्लिनला तो मागे असताना बदल करत होता आणि मागे असताना बदल करणं सोपं असतं. मोठ्या मॅचला आघाडी असताना, सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना तो बदल करेल का, हे तिथे तपासलंच गेलं नाही, कारण इंग्लंड त्या फायनलमध्ये एक मिनिटही पुढे नव्हतं.